लाइट आल्यावर पहिलं काय करायचं

मायक्रोकंट्रोलरचा कुठलाही प्रोजेक्ट समोर आला की मी आधी एकच विचारतो. लाइट गेली आणि परत आली, तर हा बोर्ड पहिल्या दोन सेकंदांत काय करणार? शहरात, टेबलावर, यूएसबीच्या वायरीवर चालणाऱ्या बोर्डाच्या बाबतीत हा प्रश्न शेवटी आला तरी चालेल. जळगाव-धुळ्याच्या शेतात मात्र तिथूनच सुरुवात करावी लागते. शेतीपंपाची थ्री फेज इथे पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री, आणि त्या ठरलेल्या तासांतही तिचा लपंडाव चालूच असतो. त्यामुळे आपल्याकडचा बोर्ड दिवसातून अनेकदा नव्याने जन्मतो. जन्मतानाच त्याने चुकीचा रिले ओढला, तर पुढचा प्रोग्राम कितीही देखणा असो, मोटर जळतेच.

मी शिकलो धुळ्याला, पॉलिटेक्निकमध्ये, 8051 वर. इंटेलची ही चिप 1980 ची. आम्ही शिकलो तेव्हाच ती जुनी झाली होती, पण तिने एक चांगली सवय लावली. तिच्यासोबत 12 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल न वापरता 11.0592 चा का वापरायचा, हे आमच्या सरांनी फळ्यावर भागाकार करून दाखवलं होतं. 12 ने भागा, मग 32 ने भागा, 28800 येतात. त्याला 3 ने भागलं की बरोबर 9600, म्हणजे सिरियल पोर्टचा वेग, काहीही बाकी न उरता. अंक कुठून आला हे विचारायची सवय तेव्हापासून आहे. आज अर्डुइनोने हे सगळं झाकून ठेवलंय. 2005 मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी सुरू झालेल्या त्या प्रकल्पाने आमच्यासारख्यांवर उपकारच केलेत. पण झाकण उघडून आत बघायची वेळ येतेच.

ती वेळ माझ्यावर आणली आमच्या नानांच्या केळीने. यावल तालुक्यात त्यांचा मळा आहे. मे महिन्यात केळीच्या एका झाडाला रोज वीस लिटरच्या आसपास पाणी लागतं आणि ते ठिबकनेच द्यायचं असतं. एक प्लॉट झाला की व्हॉल्व्ह फिरवून दुसरा. रात्रपाळीची लाइट असली की सालदाराने अंधारात बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं. सातपुड्याच्या पायथ्याला साप आणि बिबट्या ही रोजची भीती. नानांचं म्हणणं सरळ होतं: “लाइट आली की मोटर आपोआप लागली पाहिजे, अन् प्लॉट आपोआप बदलला पाहिजे. माणूस रात्री घरी झोपला पाहिजे.” बाजारात मोटरचे ऑटो मिळतात आणि ते चांगलं काम करतात. पण प्लॉट बदलणं, अर्धवट राहिलेला प्लॉट लक्षात ठेवणं, पाणी तुटलं तर थांबणं, हे सगळं एका पेटीत हवं होतं. म्हणून मी अर्डुइनोतली एटमेगा 328 पी चिप घेऊन ती पेटी बनवायला बसलो. त्या पेटीने जे शिकवलं त्यातलं बरंचसं खाली आहे.

आधी जन्माचे ते दोन सेकंद. चिप सुरू होते तेव्हा तिच्या सगळ्या पिना इनपुट असतात, म्हणजे अधांतरी. तुमचा प्रोग्राम सुरू होण्याआधी बूटलोडर काही क्षण घेतो. बाजारातली निळ्या रिलेची मॉड्यूल बहुतेक उलट्या लॉजिकची असतात, पिन खाली गेली की रिले ओढला जातो. बहुतेक पोरं आधी पिन आउटपुट करतात आणि मग तिच्यावर ‘हाय’ लिहितात. या दोन ओळींच्या मधल्या क्षणात पिन ‘लो’ असते आणि रिले टक्कन वाजतो. टेबलावर तो आवाज गमतीचा वाटतो. स्टार्टरला जोडल्यावर त्याच ‘टक्क’ आवाजासरशी पाच एचपीची मोटर धडक घेते. म्हणून आधी ‘हाय’ लिहायचं, मग पिन आउटपुट करायची. शिवाय पिन आणि 5 व्होल्ट यांच्यामध्ये 10 किलोओमचा रेझिस्टर लावायचा, म्हणजे बूटलोडरच्या वेळीही पिन वरच राहते. ईएसपी 8266 आणि ईएसपी 32 वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. त्यांच्या काही पिना सुरू होताना स्वतःहून वरखाली होतात, आणि काही पिना त्या क्षणी कुठल्या पातळीवर आहेत त्यावर चिप प्रोग्राम चालवणार की नवा प्रोग्राम घ्यायला थांबणार हे ठरतं. त्या पिनांवर रिले लावूच नये.

आता त्या निळ्या रिलेबद्दल, कारण यात जीव जाऊ शकतो. त्याच्या पाठीवर 10 अँपिअर, 250 व्होल्ट एसी असं छापलेलं असतं. पाच एचपीची थ्री फेज मोटर भरल्या लोडवर सात-आठ अँपिअर घेते, मग हा रिले पुरेल असा हिशेब काहीजण करतात. सुरू होताना ती मोटर त्याच्या सहापट ओढते हे एक. दुसरं असं की शेतातल्या बऱ्याच स्टार्टरची कॉइलच 415 व्होल्टची असते, दोन फेजवर चालणारी. म्हणजे मोटर राहू द्या, नुसती कॉइल चालवायलाही 250 व्होल्टचा रिले चालत नाही. संपर्क उघडताना ठिणगी ओढली जाते, कधी तो चिकटूनच बसतो, आणि मग बोर्डाने ‘बंद’ म्हटलं तरी मोटर चालूच राहते. मी मध्ये 415 चे 230 करणारा छोटा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर टाकतो आणि 230 ची कॉइल वापरतो. कॉइलच्या दोन टोकांना 100 ओम आणि 0.1 मायक्रोफॅरडचा स्नबर, कपॅसिटर एक्स 2 जातीचाच. हा स्नबर नसेल तर कॉन्टॅक्टर सुटताना जो झटका उठतो, त्याने शेजारचा बोर्ड रीसेट होतो. मग लोक दिवसेंदिवस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. स्टार्टरचं हिरवं बटण आणि लाल बटण तसंच ठेवायचं. हिरव्याला समांतर एक रिले, लाल बटणाच्या मालिकेत दुसरा. ओव्हरलोडला हात लावायचा नाही. आणि 415 व्होल्टचं काम लायसन्सवाल्या वायरमनला सोबत घेऊनच करायचं. मी अजूनही तसंच करतो.

बोर्डाला वीज कुठून द्यायची? मोबाइलचा चार्जर फेज-न्यूट्रलवर लावणं सगळ्यात सोपं, आणि शेतात तेच सगळ्यात धोक्याचं. खांबावर न्यूट्रल तुटला की 230 च्या जागी 415 पर्यंत काहीही येऊ शकतं. चार्जर जातो आणि जाताना बोर्डालाही घेऊन जातो. म्हणून 440 व्होल्टची प्रायमरी असलेला ट्रान्सफॉर्मर दोन फेजमध्ये लावायचा, पुढे ब्रिज, मोठा कपॅसिटर, फ्यूज आणि योग्य व्होल्टेजचा एमओव्ही. असा ट्रान्सफॉर्मर धुळ्यातल्या माझ्या एका रिवाइंडिंगवाल्या मित्राने गुंडाळून दिला. तो मोटरी भरतो, शाळा आठवीपर्यंतची. पण इन्सुलेशन म्हणजे काय हे मला पुस्तकापेक्षा त्याच्या बाकावर जास्त कळलं. माझी पेटी पहिल्यांदा बघून त्याने अहिराणीत विचारलं होतं, “हाई काय से?” आणि मी सांगेपर्यंत झाकण उघडून कुठली तार कुठल्या तारेच्या फार जवळ आहे ते दाखवूनही झालं होतं.

तीन फेज आहेत की नाहीत हे बघायला मी प्रत्येक फेजवर पीसी 817 ऑप्टोकपलर लावतो. पाव वॅटच्या एका रेझिस्टरला साधारण अडीचशे व्होल्टच झेपतात, म्हणून एका मोठ्या किमतीच्या रेझिस्टरऐवजी तीन-चार मालिकेत घालायचे. इथे प्रोग्रामिंगची खरी मजा आहे. 50 हर्ट्झवर एक फेरा 20 मिलिसेकंदांचा असतो. आर फेजची कड आल्यापासून वाय फेजची कड 6.67 मिलिसेकंदांनी आली तर क्रम सरळ, 13.33 नी आली तर उलटा. डीपीवर, म्हणजे शेताजवळच्या ट्रान्सफॉर्मरवर, कोणी काम करून फेज अदलाबदल केले असतील तर सबमर्सिबल उलटी फिरते, आवाज तोच, पाणी मात्र निम्मंसुद्धा नाही. इंटरप्टमध्ये वेळ टिपली की एक रुपयाचाही जादा खर्च न करता हे कळतं. पण एक खोच आहे. चालू मोटरचा एक फेज गेला, तरी मोटर स्वतःच त्या मोकळ्या टोकावर व्होल्टेज तयार करत राहते. ऑप्टोला वाटतं तीनही फेज ठीक आहेत, आणि मोटर दोन फेजवर तापत जाते. म्हणून चालू मोटरसाठी करंटच मोजायला हवा. तीनही तारांवर छोटे सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, लावायचे; एकाचा आकडा पडला की लगेच बंद. विहिरीचं पाणी तुटल्यावर तिन्ही आकडे एकदम खाली येतात, तेही याच सीटीवर कळतं. भरल्या पाण्यावर अँपिअर किती हे त्याच मोटरवर, त्याच विहिरीवर मोजून घ्यायचं. दुसऱ्याच्या मळ्यातला आकडा इथे चालत नाही.

लाइट आल्यावर लगेच मोटर लावायची नाही हे तर सगळ्यांना माहीत आहे. तरी सगळ्यांच्या पेट्यांनी एक मिनिट थांबून एकाच क्षणी मोटरी लावल्या, तर डीपीवर ताण तोच. नानांच्या डीपीवर आम्ही शेजाऱ्यांच्या पेट्यांना क्रमांक दिले, प्रत्येकीच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे लाइट गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, तिचा क्रमांक लिहून ठेवला, आणि थांबण्याची वेळ त्या क्रमांकावरून काढली. एक मोटर वेगाला लागली की मग दुसरी. ‘रँडम’ वापरून हे होत नाही. बीज बदललं नाही तर दर वेळी सुरुवातीला तोच आकडा निघतो, आणि एकच प्रोग्राम टाकलेल्या सगळ्या पेट्या एकाच आकड्यावर एकमत करतात.

प्लॉट बदलण्याचा प्रोग्राम लिहिताना मला पांझरेकाठच्या फड पद्धतीचा पाटकरी आठवला. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, बंधाऱ्याचं पाणी फडाफडाला पाळीने द्यायची ही जुनी व्यवस्था आहे. पाणी देणारा पाटकरी कायम एवढंच सांभाळतो: आत्ता पाळी कोणाची, आणि पुढे कोणाची. प्रोग्रामही तसाच हवा. ‘थांबलेली’, ‘लाइट स्थिर व्हायची वाट’, ‘मोटर चालू’, ‘व्हॉल्व्ह बदल’, ‘बिघाड’ अशा अवस्था ठरवायच्या, एका वेळी एकच, आणि कुठल्या अवस्थेतून कुठे जाता येतं हे आधी कागदावर काढायचं. नवा व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय जुना बंद करायचा नाही, नाहीतर पाइप फुटतो. हे वाक्य कागदावर असलं की प्रोग्राममध्ये आपोआप येतं. पंधरा ‘इफ’ एकात एक घालून लिहिलेला प्रोग्राम पहिल्या दिवशी चालतो, पण सहा महिन्यांनी त्यात बदल करायला बसा, म्हणजे कळेल.

लाइट गेली तेव्हा कुठल्या प्लॉटची किती मिनिटं उरली होती हे लक्षात ठेवायला ईईप्रॉम आहे. पण तिची हमी एका जागी एक लाख वेळा लिहिण्याची. दर मिनिटाला लिहिलं तर दिवसाला 1440 वेळा, म्हणजे सत्तर दिवसांच्या आत हमी संपली. यावर माझा आवडता उपाय असा: लाइट जाते तेव्हाच लिहायचं. ऑप्टोवरून फेज गेल्याचं एका फेऱ्यात, म्हणजे 20 मिलिसेकंदांत कळतं. पुरवठ्याच्या 12 व्होल्टच्या बाजूला 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, त्यापुढे बक कन्व्हर्टर असेल, आणि बोर्ड 50 मिलिअँपिअर घेत असेल, तर रिले सोडून दिल्यावर शंभरावर मिलिसेकंद सहज मिळतात. एक बाइट लिहायला साडेतीनच्या आसपास लागतात. चार बाइट आणि एक चेकसम लिहून व्हायला एवढा वेळ भरपूर आहे. चेकसम हवाच. उठल्यावर तो जुळला नाही तर जुनी नोंद फेकून पहिल्या प्लॉटपासून सुरुवात करायची. ब्राउनआउटची पातळीही बघून घ्या. अर्डुइनो उनोवर ती 2.7 व्होल्टला असते, पण 16 मेगाहर्ट्झवर ही चिप पावणेचार व्होल्टच्या खाली भरवशाची नाही. मधल्या पट्ट्यात ती काय लिहील याचा नेम नाही. ती पातळी 4.3 वर न्यायची. वॉचडॉगही लावा. फक्त काही जुन्या नॅनो बोर्डांच्या बूटलोडरला वॉचडॉग झेपत नाही, बोर्ड सतत रीसेट होत राहतो. नवा ऑप्टिबूट टाकला की ही अडचण जाते.

यानंतर ऊन. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या पेटीत, उन्हात, त्याहून बराच जास्त. 7805 वर 12 व्होल्ट देऊन 200 मिलिअँपिअर घेतले तर 1.4 वॅटची उष्णता होते. हीटसिंक नसेल तर आतलं तापमान भोवतालपेक्षा सत्तर ते नव्वद अंशांनी चढतं. भोवतालचेच पंचावन्न असले की तो स्वतःला बंद करायच्या बेतात येतो. म्हणून इथे बक कन्व्हर्टरच हवा. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर 105 अंशांचे घ्या, 85 चे नकोत, दर दहा अंशांना त्यांचं आयुष्य निम्मं होतं. सोळा अक्षरी, दोन ओळींचा जो एलसीडी सगळे वापरतात तो साधारणपणे 50 अंशांपर्यंतचाच असतो. दुपारी तो काळा पडतो आणि सालदाराला वाटतं पेटी मेली. मी ठळक एलईडी वापरतो: तीन फेजचे लाल-पिवळा-निळा, मोटरचा हिरवा, बिघाडाचा एक. बिघाड कुठला हे तो किती वेळा लुकलुकतो त्यावरून कळतं आणि तो तक्ता मराठीत झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. पेटीला भोकं फक्त खालून, प्रत्येकाला केबल ग्लँड. मुंग्या आणि पाली उबेला आत येतात, आणि कॉन्टॅक्टरच्या संपर्कात अडकलेल्या पालीने बंद पडलेले स्टार्टर मी बरेच पाहिलेत. सर्किटवर मोटरचं हवेत वाळणारं वार्निश मारायचं, कनेक्टर झाकून.

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग एक साधा सिलेक्टर स्विच आहे. ‘ऑटो’ आणि ‘हाताने’. ‘हाताने’ केल्यावर माझा बोर्ड पूर्ण बाजूला पडतो आणि हिरवं-लाल बटण जुन्यासारखं चालतं. माझा बोर्ड बिघडला आणि नानांची केळी वाळली, हे कधीच होता कामा नये. जो छंद दुसऱ्याच्या पिकावर चालतो, त्यात ही जबाबदारी पहिली येते.

धुळ्याकडचं काम वेगळं निघालं. साक्री तालुक्यात एका मित्राची कांदा चाळ आहे. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये काढायचा आणि भाव बघत दिवाळीपर्यंत राखायचा. हवा 25 ते 30 अंश आणि आर्द्रता 65 ते 70 टक्के असली तर कांदा टिकतो, जास्त दमटपणात सडतो, फार कोरड्यात वजन घटतं. चाळीत पंखे होते, ते कधी लावायचे याचा अंदाज हातानेच. पेटीने तो अंदाज घ्यायचा होता. पोरांच्या किटमध्ये असतो तो निळा डीएचटी 11 सेन्सर खानदेशात उन्हाळ्यात उपयोगाचा नाही, त्याची मर्यादा 50 अंश आणि खाली 20 टक्के. मेच्या दुपारी पत्र्याखाली तो दोन्हीकडून हद्दीबाहेर जातो. डीएचटी 22 घ्या, आणि तोही दोन सेकंदांच्या आत पुन्हा विचारू नका.

इथे नुसती आर्द्रतेची टक्केवारी बघून पंखा लावणं फसवं आहे. समजा चाळीत 35 अंश आणि 40 टक्के आहे. पहाटे बाहेर 25 अंश आणि 60 टक्के. बाहेर जास्त दमट आहे असं वाटून प्रोग्राम पंखा बंद ठेवेल. पण 35 अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण 39.6 ग्रॅम पाणी मावतं, त्याचे 40 टक्के म्हणजे 15.8. 25 अंशांना 23 ग्रॅम मावतं, त्याचे 60 टक्के म्हणजे 13.8. बाहेरची हवाच कोरडी आहे! ती आत येऊन तापली की तिची आर्द्रता साधारण 34 टक्क्यांवर येते. म्हणून बोर्डाने आतलं आणि बाहेरचं ग्रॅममधलं पाणी काढून मग तुलना करायची. चार ओळींचं सूत्र आहे, उनोला जड नाही. या हिशेबाने उन्हाळ्यात पंखा कांद्याला वाळवतो आणि पावसाळ्यात वाचवतो, म्हणून महिन्याप्रमाणे नियम बदलावा लागला. त्यासाठी घड्याळ हवं. उनोच्या रेझोनेटरवर विसंबू नये, अर्ध्या टक्क्याची चूक म्हणजे दिवसाला सात मिनिटं. डीएस 3231 वर्षाला मिनिटभर इकडेतिकडे होतं. त्याच्या स्वस्त मॉड्यूलमध्ये सेल चार्ज करायचं सर्किट असतं. साधा सीआर 2032 टाकायचा असेल तर तिथला डायोड काढून टाका, तो सेल चार्ज करायचा नसतो.

नानांच्या पेटीत जी चूक कधीच दिसली नसती ती चाळीत दिसते. ‘मिलिस’ हा मिलिसेकंदांचा काउंटर 49.7 दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर येतो. विहिरीवर रोज लाइट जाते, तो कधी भरतच नाही. चाळीतली पेटी इन्व्हर्टरच्या बॅटरीवर अखंड चालते. ‘मागची वेळ अधिक मुदत’ अशी तुलना केलेला प्रोग्राम सातव्या-आठव्या आठवड्यात अडकतो. ‘आत्ताची वेळ वजा मागची वेळ’ अशी केली तर काही होत नाही. पन्नास दिवस वाट बघायला नको. स्वतःचं वेळेचं फंक्शन लिहा आणि त्यात असा आकडा मिळवा की भरण्याची घटना सुरू झाल्यावर दोन मिनिटांतच येईल. त्याच जातीची दुसरी गोष्ट: उनोवर ‘60 गुणिले 1000’ लिहिलं तर उत्तर उणे 5536 येतं, कारण साधा पूर्णांक 32767 पर्यंतच मावतो. 60 च्या पुढे यूएल लावायचं.

जळगावात माझ्याकडे शनिवार-रविवारी डिप्लोमाची पोरं येतात. शाळांमध्येही आता अटल टिंकरिंग लॅबमुळे बोर्ड हातात लवकर पडतात, हे फार चांगलं झालंय. त्यांना मी आधी सिरीज बोर्ड बनवायला लावतो. पुरवठ्याच्या मालिकेत साधा पिवळा बल्ब. नवी पेटी पहिल्यांदा त्यावरच चालू करायची. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो, बाकी काही जळत नाही. प्रत्येक रिवाइंडिंगच्या दुकानात हा बोर्ड असतो, कॉलेजच्या लॅबमध्ये क्वचित. मोटरच्या जागी तीन बल्ब लावायचे आणि मेन स्विच पन्नास वेळा वेडावाकडा चालू-बंद करायचा, मध्येच, पुन्हा लगेच, अर्ध्या सेकंदात. यात टिकलेलीच पेटी मळ्यात जाते. बोर्ड का रीसेट झाला याचं कारणही नोंदवून ठेवायचं. ईएसपी 32 ते सरळ सांगतो, एटमेगात काही बूटलोडर ती नोंद आधीच पुसतात, तेवढं बघून घ्या.

सामानाचं म्हणाल तर रिले, रेझिस्टर, सोल्डर जळगावच्या गोलाणी मार्केटला भागतं. सेन्सर आणि विशेष भाग पुण्याच्या बुधवार पेठेतून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, किंवा कुरिअरने. बोर्ड संगणकाला दिसत नसेल तर आधी केबल बदला, निम्म्या केबलींमध्ये नुसत्या चार्जिंगच्या दोनच तारा असतात. मिस कॉलवर मोटर चालू करणार असाल तर येणारा नंबर आपल्या यादीतला आहे का हे तपासल्याशिवाय रिलेला हात लावू नका. जीएसएम मॉड्यूल क्षणभर 2 अँपिअर ओढतं, त्याच्या अगदी जवळ मोठा कपॅसिटर हवा.

सध्या शिंदखेडा तालुक्यातल्या एका सौर पंपावर काम चालू आहे. तिथे लाइट जाण्याचा प्रश्न नाही, पण ढग आला की पंप मंदावतो, आणि मिनिटांवर प्लॉट बदलणारा माझा सगळा प्रोग्राम तिथे अन्याय करतो. दुपारच्या प्लॉटला भरपूर पाणी, सकाळच्याला थोडं. म्हणून आता मिनिटांऐवजी लिटर मोजतोय. पाइपवर फ्लो मीटर बसवलाय, तो ठरावीक पाण्याला एक पल्स देतो. मीटरपासून पेटीपर्यंतची वायर लांब आहे, चिपचा आतला पुल-अप तिथे फार दुबळा पडतो, म्हणून बाहेरून 4.7 किलोओम आणि मध्ये ऑप्टो घातलाय. संध्याकाळी ऊन उतरलं की मोजणी जिथे थांबेल तिथून दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे सुरू व्हायला हवी. ते लिहिणं चालू आहे.